धर्माच्या रकान्यापासून पेशीतील प्रथिनापर्यंत : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निदानाचा इतिहास

अरबी-फारसी वैद्यकातील 'सरतान' आणि मराठीतील 'कर्करोग' हे दोन्ही शब्द एकाच प्राण्यापासून आलेले आहेत. 'सरतान' म्हणजे खेकडा आणि 'कर्क' म्हणजेही खेकडाच. ग्रीक वैद्यांनी या व्याधीला जे नाव दिले त्याचाही अर्थ तोच होता. इब्न सीना (मृत्यू १०३७) याने 'अल्-कानून'मध्ये सरतानचे वर्णन केले आहे. कॉर्डोव्याचा शल्यविशारद अज़्-ज़हरावी याने तर आपल्या हातून असा एकही रोगी बरा झाला नाही, अशी प्रांजळ नोंद करून ठेवली. रोगाला नाव मिळाले. मात्र तो रोग होण्यापूर्वी ओळखावा कसा, या प्रश्नाला उत्तर मिळण्यास आणखी सुमारे नऊशे वर्षे जावी लागली.

शब्दांचा हा प्रश्न आजही संपलेला नाही. सुरतच्या लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठीभाषक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील मराठी स्त्री गर्भाशयाला 'पिशवी' म्हणते, उर्दू बोलणारी 'बच्चेदानी' आणि गुजराती शेजारीण 'कोथळी'. या तिन्ही शब्दांत गर्भाशय आणि गर्भाशयाचे मुख असा भेद नाही. वास्तविक दोहोंच्या कर्करोगांत मूलभूत फरक आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून होतो, तो होण्यास बहुधा दहा-पंधरा किंवा अधिक वर्षे लागतात आणि या काळात तो ओळखून थांबवता येतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाला यातील काहीच लागू नाही.

ही ओळख पटवण्यासाठी वैद्यकाने वेळोवेळी कोणती खूण विश्वासार्ह मानली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. पहिली खूण होती स्त्रीचा समाज, दुसरी विषाणू आणि तिसरी पेशीतील प्रथिन. मुस्लिम वाचकांच्या दृष्टीने पहिल्या खुणेची चिकित्सा विशेष महत्त्वाची आहे, कारण तिने या समाजाला दिलासा दिला आणि त्याच दिलाशातून एक गैरसमजही रुजला.

समाजनिहाय आकड्यांचा काळ

१८४२ मध्ये इटलीतील रिगोनी-स्टर्न याने वेरोना शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या. विवाहित स्त्रियांच्या तुलनेत जोगिणींमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू फारच कमी असल्याचे त्याला आढळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत ज्यू स्त्रियांबाबत तसेच निरीक्षण झाले आणि पुरुषांच्या सुंतेकडे लक्ष वळले.

भारतात या विचाराला भक्कम आधार मिळाला तो मुंबईत. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रुग्णांच्या नोंदी समाजवार लावण्याची शिस्त घातली आणि १९५० मध्ये भारतातील कर्करोगावरील आपल्या निबंधात समाजासमाजांतील फरक मांडले. पुढे १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या नेतृत्वाखाली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली नोंदणी होय. जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये भारतीय मुस्लिमांमधील कर्करोगावर स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध केला. या सर्व नोंदींतून एक गोष्ट सातत्याने पुढे आली : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण हिंदू स्त्रियांपेक्षा मुस्लिम आणि पारशी स्त्रियांत कमी होते. आग्र्याला डॉ. पी. एन. वाही यांच्या पाहणीतही असाच कल दिसला.

निरीक्षण खरे होते आणि त्यामागील एका कारणाला पुढे पुरावाही मिळाला. २००२ मध्ये कास्तेलसागे व सहकाऱ्यांनी पाच देशांतील अभ्यासांची माहिती एकत्र केली. सुंता (खतना) झालेल्या पुरुषांत या विषाणूचा संसर्ग कमी आढळतो आणि जोखमीचे लैंगिक वर्तन असलेल्या पुरुषांच्या पत्नींना त्यामुळे काही संरक्षण मिळते, असे त्यातून दिसले. युगांडातील राकाई येथील प्रयोगाने २०११ मध्ये पुरुषांच्या सुंतेनंतर त्यांच्या सहचरींमधील जोखमीच्या विषाणूंचा संसर्ग सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. अठ्ठावीस टक्के घट याचा अर्थ बहात्तर टक्के संसर्ग शिल्लक राहतो. नोंदवहीतील धर्माच्या रकान्यात इतरही बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात : विवाहाचे वय, बाळंतपणांची संख्या, गरिबी, शहर की खेडे, न्हाणीघर व पाण्याची सोय. मुंबईच्या नोंदणीतील मुस्लिम स्त्री म्हणजे मराठवाड्यातील खेड्यातली मुस्लिम स्त्री नव्हे. मुस्लिम बहुसंख्य देशांकडे पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बांगलादेश आणि इंडोनेशिया येथे हा रोग स्त्रियांच्या कर्करोगांत दुसऱ्या क्रमांकावर राहिला आहे. इंडोनेशियात २०२० या एका वर्षात ३६ हजारांवर नव्या रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. 'आपल्यात हा रोग होत नाही' हे वाक्य आकडेशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. समाजाची सरासरी त्या समाजातील कोणत्याही एका स्त्रीबद्दल काही सांगत नाही. खानोलकर-जस्सावाला यांनी असा दावा कधी केलाही नव्हता. तो नंतर ऐकणाऱ्यांनी केला.

विषाणूचा शोध

दरम्यान पेशी पाहण्याची विद्या पुढे गेली होती. ग्रीक वंशाचे डॉ. जॉर्ज पापनिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये प्रथम मांडलेली आणि १९४३ च्या ग्रंथानंतर मान्यता पावलेली 'पॅप' तपासणी हे तिचे मोठे यश. गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, इतकी ती साधी आहे. ज्या देशांनी ती संघटितपणे राबवली तेथे मृत्यू झपाट्याने घटले. भारतात मात्र ती शहरी रुग्णालयांपलीकडे फारशी गेली नाही. प्रत्येक काचपट्टी वाचण्यास प्रशिक्षित डोळा लागतो आणि तपासणी वारंवार करावी लागते.

१९८३ मध्ये जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने या कर्करोगाच्या ऊतकात मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) १६ क्रमांकाचा प्रकार शोधला आणि पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकी कृष्णवर्णीय स्त्री १९५१ मध्ये याच रोगाने वारली होती. तिच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि 'हेला' या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या. त्या पेशींतही १८ क्रमांकाचा विषाणू सापडला. त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कारण सापडल्यामुळे धर्माच्या रकान्याची खूण म्हणून असलेली गरज वैज्ञानिकदृष्ट्या संपली.

पण एक नवी अडचण उभी राहिली. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य आहे. वैवाहिक जीवनात बहुसंख्य स्त्री-पुरुषांना तो केव्हातरी गाठतो आणि बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावूनही लावते. थोड्या स्त्रियांतच तो ठाण मांडतो आणि त्यांतल्याही थोड्यांना कर्करोग होतो. त्या थोड्या कोणत्या, हे विषाणू सांगत नाही.

दिल्लीतील प्रतीक्षा आणि बार्शीचा प्रयोग

कोणती विकृती आपोआप बरी होते आणि कोणती पुढे जाते, हे ठरवणारी खूण हाती नसताना एकच मार्ग उरतो : वाट पाहणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने दिल्लीत १९७६ पासून तेच केले. गर्भाशयमुखाच्या पेशींत विकृती असलेल्या ११५८ स्त्रियांवर उपचार न करता केवळ लक्ष ठेवण्यात आले. त्यांतील काहींना कर्करोग झाला. लेखी संमती घेतली नव्हती, ही बाब १९९७ मध्ये वृत्तपत्रांतून व ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून पुढे आली. या अभ्यासातून विकृतीच्या वाटचालीविषयी माहिती मिळाली हे खरे. तिची किंमत कोणी चुकवली तेही तितकेच खरे.

याच विषयाच्या जागतिक इतिहासात महाराष्ट्राला स्थान मिळाले ते सोलापूर जिल्ह्यातील बार्शीमुळे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. नोंदणीचे कार्यकर्ते केवळ रुग्णालयाच्या कागदांवर विसंबले नाहीत. ते गावोगाव फिरत, सभा घेत आणि 'अंगावरून रक्त जाते का' हा प्रश्न बायकांना समजेल अशा भाषेत विचारत. तपासणीची कोणतीही मोहीम नसताना, केवळ या संवादामुळे स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अध्यापकवर्गाने या निष्कर्षाची विशेष दखल घ्यावी, कारण येथे भाषेनेच उपचाराचे निम्मे काम केले.

त्या पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री हे त्याचे प्रमुख. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, ४९७ गावे, गावांचे ५२ समूह आणि चार गट. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरचे सौम्य द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती. तपासणी आयुष्यात एकदाच होणार होती.

आठ वर्षांनी निघालेले निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. विषाणू-तपासणीच्या गटात ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. पुढच्या अवस्थेतील कर्करोग अनुक्रमे ३९ आणि ८२. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते, तेही एकाच तपासणीने. पॅप आणि व्हिनेगर या गटांत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. जगातील अनेक देशांनी पॅपऐवजी विषाणू-तपासणीकडे वळण्यामागे बार्शीच्या या पुराव्याचा मोठा वाटा आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून केलेल्या दीड लाख स्त्रियांच्या प्रयोगाचा निष्कर्ष काहीसा वेगळा होता. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही निष्कर्षांत विरोध आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु एकदा केलेली आणि पुन्हा पुन्हा केलेली तपासणी यांची सरळ तुलना करता येत नाही.

या दोन्ही प्रयोगांवर गंभीर नैतिक आक्षेपही आले. पॅप तपासणीने मृत्यू टळतात हे जगाला आधीच माहीत असताना हजारो स्त्रियांचा एक गट तपासणीविना का ठेवला, असा प्रश्न अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी उपस्थित केला. त्या गटाला देशात जे मिळते तेच मिळाले, असे संशोधकांचे उत्तर होते. देशात त्या काळी गरीब स्त्रीला काहीच मिळत नव्हते, हे या उत्तराचे बळ आहे आणि त्याची शरमही.

पी-सोळा : तुटलेल्या ब्रेकची खूण

उस्मानाबादच्या प्रयोगात दर शंभर स्त्रियांमागे सुमारे दहा जणींची विषाणू-तपासणी सकारात्मक आली. उपचार करावा अशी तीव्र विकृती मात्र शंभरात जेमतेम एकीला होती. उरलेल्या नऊ जणींना भीती, धावपळ आणि काही वेळा अनावश्यक उपचार सोसावा लागतो. दहांतून ती एक नेमकी निवडण्यासाठी प्रथिन-निदर्शकांचा उपयोग होतो.

विषाणूची दोन प्रथिने या कामी निर्णायक ठरतात. ई-६ हे पेशीच्या पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवते आणि ई-७ हे आरबी नावाच्या प्रथिनाला निष्प्रभ करते. १९८९-९० च्या सुमारास या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. आरबी हे पेशीविभाजनावरचे नियंत्रण आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत पी-१६ हे प्रथिन सापडले. त्याचे काम विभाजन थांबवण्याचे, म्हणजे ब्रेकचा पाय दाबण्याचे. निरोगी पेशीत ते फारसे दिसत नाही. मात्र ई-७ ने आरबी निकामी केल्यावर पेशी पी-१६ भरमसाट तयार करू लागते. चालक जिवाच्या आकांताने ब्रेक दाबतो आहे, परंतु ब्रेकची तार तुटलेली असल्याने गाडी थांबत नाही, अशी ही अवस्था. पी-१६ चा साठा ही म्हणूनच विषाणूच्या नुसत्या उपस्थितीची नव्हे, तर त्याने पेशीचा ताबा घेतल्याची खूण ठरते. २००१ मध्ये हायडेलबर्ग येथील क्लेस, फॉन क्नेबल ड्योबेरिट्स व सहकाऱ्यांनी ही खूण ऊतकावर रंगवून दाखवली.

दुसरे प्रथिन की-६७. हे १९८३ मध्ये जर्मनीतील कील शहरात ओळखले गेले. 'की' हे शहराचे नाव आणि ६७ हा प्रयोगाच्या तबकातील खळग्याचा क्रमांक. विज्ञानातील नावे अशी घडतात! हे प्रथिन फक्त विभाजनाच्या मार्गाला लागलेल्या पेशीत आढळते. पी-१६ म्हणते 'थांब', की-६७ म्हणते 'चालू आहे'. निरोगी पेशीत ही दोन्ही एकाच वेळी दिसत नाहीत. एकाच पेशीत दोन्ही रंग दिसले तर नियंत्रण सुटले आहे, असे समजावे. या दुहेरी रंगतपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विषाणू-सकारात्मक स्त्रियांच्या निवडीसाठी मार्च २०२० मध्ये मान्यता दिली.

ऊतकतपासणीतही पी-१६ ने एक जुना वाद बराच मिटवला. कर्कपूर्व विकृतीच्या तीन श्रेणी मानल्या जात. त्यांतील मधल्या श्रेणीबाबत दोन अनुभवी तज्ज्ञांचेही अनेकदा एकमत होत नसे. त्यामुळे एकीचा उपचार होई आणि तशाच दुसरीला घरी पाठवले जाई. २०१२ मध्ये अमेरिकी तज्ज्ञसंघटनांनी अशा वेळी पी-१६ चा आधार घ्यावा अशी शिफारस केली. तरुण, अद्याप मूल न झालेल्या स्त्रीच्या बाबतीत हा निर्णय किती मोलाचा असतो, हे वेगळे सांगायला नको.

सुरतचे स्थान

भूगोलाच्या दृष्टीने सुरत दोन महत्त्वाच्या घटनास्थळांच्या मध्ये येते. दक्षिणेस मुंबईचा प्रयोग झाला. उत्तरेस बडोदा जिल्ह्यात २००९ मध्ये शालेय वयाच्या मुलींना या विषाणूविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम हे त्याचे दुसरे केंद्र. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण पालकांच्या संमतीबाबतची हयगय उघड झाली आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढले. त्याच स्थगितीमुळे बार्शी, पुणे, अहमदाबाद आदी केंद्रांवरील एका स्वतंत्र अभ्यासात सुमारे पाच हजार मुलींना लसीची एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचाही दहा वर्षे पाठपुरावा केला. एक मात्राही जवळजवळ तितकेच संरक्षण देते, हा निष्कर्ष २०२१ मध्ये आला आणि पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' ही देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. बांगलादेश व इंडोनेशियाने २०२३ मध्ये आणि पाकिस्तानने सप्टेंबर २०२५ मध्ये मुलींसाठी राष्ट्रीय पातळीवर लसीकरण हाती घेतले. मलेशियात ते २०१० पासूनच आहे. लसीला धर्माच्या नावाने विरोध करणाऱ्यांसमोर ही यादी ठेवता येईल.

तिशी-चाळिशीतील स्त्रियांना मात्र लसीचा फारसा उपयोग नाही. त्यांना तपासणीच हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम दोन टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती. २०२२ मध्ये भारतात सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू असा अंदाज आहे. सुरतेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, महापालिकेचे 'स्मिमेर' आहे. अडचण आहे ती तेथे वेळेवर पोहोचण्याची. मागावर बसणाऱ्या किंवा साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या स्त्रीला त्रास नसताना एक दिवसाची मजुरी बुडवून जाण्याचे कारण दिसत नाही. मुस्लिम स्त्रीला त्यात 'आपल्यात हे नसते' या समजुतीची भर पडते, आणि खानदेशातील मराठी स्त्रीला गुजराती अहवालाची.

अशा घरांतील मुली समाजाच्या महाविद्यालयांत शिकतात आणि आईचा अहवाल बहुधा त्यांच्याच हाती येतो. त्यावरील शब्दांचा अर्थ अध्यापकांना सांगता आला पाहिजे. 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' म्हणजे कर्करोग नव्हे. तो चारित्र्याचा दाखलाही नव्हे, कारण संसर्ग वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि तो कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगत नाही. अहवालात 'पी-१६ : ब्लॉक पॉझिटिव्ह' असे असेल, तर सलग पट्ट्यातील पेशींचे नियंत्रण सुटलेले असण्याची दाट शक्यता आहे, विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे आणि या टप्प्यावर उपचार बहुधा लहानसा असतो, एवढा त्याचा अर्थ आहे. 'पी-१६ : निगेटिव्ह' असेल तर घाईने पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याला दुसऱ्या तज्ज्ञाचे मत विचारावे.